बाईंचा स्वेटर: सव्वासतरा इंचांचं माप

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या व्यक्तीचं नाव देत नाही. नाशिकच्या एका शाळेत त्यांनी तीसहून जास्त वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे ओळखीतले सगळे त्यांना बाई म्हणतात. मीही इथे तसंच म्हणते. वय ६८. मी घरी विणकामाचा छोटा वर्ग घेते, तिथे बाई येतात त्या सोबतीसाठी. त्यांचा हात माझ्यापेक्षा जुना आहे. सुलट-उलट त्या शाळकरी वयात आईकडून शिकल्या. मुलं, नातवंडं, जावई, शेजारच्या बाळंतिणीचं बाळ, अशा सगळ्यांसाठी त्यांनी विणलं. स्वतःसाठी मात्र फक्त दोन स्वेटर विणले, आणि ते दोन्ही कपाटात पडून होते.

दोन्ही जुन्या मासिकांतल्या कृतींवरून केलेले होते. ही कृती कशी असते ते विणणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे: छाती अमुक, लोकर इतके ग्रॅम, सुया ८ आणि १० नंबर, इतके टाके घालून बॉर्डर विणा. बाईंची छाती ४२, म्हणून त्यांनी ४२ची कृती घेतली. त्यात काहीच चूक नव्हती, तरी स्वेटर अंगावर बसला नाही.

थंडीत बाई पहाटे फिरायला जातात, साडी नेसून, पायात बूट. नाशिकची जानेवारीतली पहाट हलकी नसते. शेजारच्या निफाडला तर अनेकदा राज्यातलं सर्वांत कमी तापमान नोंदलं जातं आणि द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. या फिरण्यात मी बाईंची एक लकब पाहिली होती. दर दहा-बारा पावलांनी त्यांचा उजवा हात मागे जायचा आणि स्वेटरची मागची कड खाली ओढायचा. बोलणं चालूच असायचं, हात आपलं काम करायचा. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "कंबर उघडी पडते गं. सगळ्याच स्वेटरांचं असं होतं."

अडचण नेमकी कुठे होती

सगळ्याच स्वेटरांचं तसं होत नाही. कपाटातले दोन्ही स्वेटर मी बाईंना घालायला लावले आणि दोन गोष्टी दिसल्या.

पहिली खांद्याची. बाईंची छाती ४२ असली तरी काखेतून, छातीच्या वरून टेप फिरवला की माप ३८ येतं. हाडाचा सांगाडा ३८चा आहे आणि खांदा, म्हणजे एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंतचं अंतर, साडेचौदा इंच. ४२च्या कृतीने खांदाही तेवढ्या छातीच्या हिशेबाने मोठा धरला होता. म्हणून बाहीची शिवण दंडावर उतरत होती आणि बाही मनगटाच्या पुढे येत होती.

दुसरी पाठीची, आणि खरी अडचण तीच. स्वेटरची कड जमिनीपासून किती वर आहे ते मी फूटपट्टीने मोजलं. मागची कड पुढच्यापेक्षा अडीच इंच वर होती. बाईंच्या पाठीला, मानेच्या थोडं खाली, पोक आलं आहे. मधल्या काही वर्षांत त्यांची उंचीही थोडी घटली. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आधीच झालेलं असून उपचार चालू आहेत. (ज्यांचं पोक वाढत असेल किंवा उंची कमी होत असेल त्यांनी स्वेटर नंतर करावा, आधी डॉक्टरांना दाखवावं.) पाठ बाहेर आली की तिच्यावरून जायला कापड जास्त लागतं. ते वर मिळालं नाही तर स्वेटर खालून ओढून घेतो, आणि कंबर उघडी पडते.

पहिला प्रयत्न

नवरात्र संपलं तेव्हा ठरलं की बाईंनी स्वतःच्या मापाचा, पुढून उघडा, बटणांचा स्वेटर विणायचा. कृती घ्यायची नाही. माप, नमुना (टाके मोजण्यासाठी आधी विणलेला छोटा तुकडा) आणि गुणाकार एवढ्यावरच सगळं करायचं. गुणाकार म्हटल्यावर बाई खुलल्या. त्यांनी नवी वही काढली.

लोकर निवडताना थोडा वेळ गेला. आपण अ‍ॅक्रिलिकलाही लोकरच म्हणतो आणि बाईंनी जन्मभर तीच वापरली. या वेळी मेंढीची खरी लोकर घ्यावी असं मी सुचवलं, कारण पहाटेच्या दवात ती थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण गळ्याशी बोचते. शेवटी मऊ मेरिनो घेतली. ५० ग्रॅमचे ११ गुंडे, सगळे एकाच रंगाच्या घाण्यातले, म्हणजे वेष्टनावरचा लॉट क्रमांक एकच.

सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते. आपल्याकडे जुना इंग्रजी हिशेब चालतो, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकी कृतीतली ८ नंबरची सुई मात्र ५ मिलिमीटरची असते. इंटरनेटवरची कृती पाहून सुया आणणाऱ्यांनी मिलिमीटरच पाहावेत.

बाईंनी ३२ टाक्यांचा नमुना विणला. मधल्या चार इंचांत २३ टाके आणि ३२ ओळी भरल्या. बाई लगेच टाके घालायला निघाल्या. मी थांबवलं. नमुना कोमट पाण्यात भिजवला, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवला आणि पुन्हा मोजला: २२ टाके, ३० ओळी. फरक एका टाक्याचा दिसतो, पण ४२ इंचांच्या घेरात तो जवळजवळ दोन इंच होतो. म्हणजे इंचाला साडेपाच टाके आणि साडेसात ओळी, हा आकडा पुढे सगळीकडे वापरायचा होता.

मापं बाईंच्या सुनेने त्यांच्या घरी घेतली. छाती ४२, सैलपणासाठी २, एकूण ४४. निम्मे मागे, निम्मे पुढे. २२ गुणिले साडेपाच म्हणजे १२१, जोडीने धरून मागच्या भागाला १२२ टाके. खांद्याला ८०. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पाठीची लांबी १५.५ इंच. वहीत सगळं सुवाच्य, आकृतीसकट.

दिवाळीच्या आधी मागचा भाग पूर्ण झाला आणि पुढचा एक भाग मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडायच्या खाचेपर्यंत, आला. दोन्ही सेफ्टी पिनांनी जोडून बाईंना घातले. खांदा पहिल्यांदाच खांद्यावर बसला होता, त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्या वळल्या, आणि हात आपोआप मागे गेला. कड वर होती, जवळजवळ पूर्वीइतकीच.

बाईंनी पिना एकेक करून काढल्या आणि काही बोलल्या नाहीत.

माप कुठे चुकलं

सुनेने माप चुकीचं घेतलं नव्हतं. मी तिला पुन्हा घ्यायला सांगितलं आणि बाजूला उभी राहिले. टेप मानेला टेकताच बाईंनी श्वास भरून घेतला, खांदे मागे टाकले, हनुवटी वर केली. वर्गात फळ्यापाशी उभ्या राहत असतील तशा ताठ. १५.५ आलं. टेप बाजूला ठेवताच पाठ पुन्हा आपल्या जागी गेली.

टेप लागला की आपण सगळेच थोडे वेगळे उभे राहतो. बाईंच्या बाबतीत या ताठ उभं राहण्यामागे आणखी काही होतं. मी म्हटलं, "बाई, सैल उभ्या राहा, रोजच्यासारख्या." त्या म्हणाल्या, "अशीच उभी राहते मी." मग काही क्षणांनी, हळू आवाजात: "ते पाठीचं माप वहीत नको लिहूस."

या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक निर्णय इथे होता. आग्रह धरला असता तर बाई दुखावल्या असत्या. सोडून दिलं असतं तर तिसरा स्वेटरही कपाटात गेला असता. मी विषय तिथेच थांबवला आणि चहा मागितला. बाई ओट्यापाशी गेल्या, आलं किसलं, आधण उकळायची वाट पाहत उभ्या राहिल्या. आधणाकडे लक्ष असलं की कुणी ताठ उभं राहत नाही. मी म्हटलं, "बाई, आता टेप लावू? तुम्ही चहाकडेच बघा." त्या हो म्हणाल्या.

सव्वासतरा इंच. आधीपेक्षा पावणेदोन इंच जास्त.

पुढच्या बाजूचं मापही बदललं. खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत ताठ उभं राहून १७ येत होतं, आता सव्वासोळा. म्हणजे शरीराने पुढून जे कमी केलं ते मागे वाढवलं होतं. बाईंनी चहा गाळला, हात पुसले, वही उघडली आणि १५.५ खोडून १७.२५ स्वतःच्या हाताने लिहिलं.

कोणते मार्ग होते

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे मागचा भाग खालून लांब करणं. बाईंचा कल त्याकडेच होता, कारण त्यात उसवायचं जवळजवळ काही नव्हतं. पण लांबी पोकावर हवी होती, कमरेशी नाही. खाली वाढवल्याने कंबर झाकली असती, पण मुंढे मागे ओढले गेले असते आणि पुढचा गळा नरड्याशी आला असता.

दुसरा मार्ग गळ्यापासून खाली, गोल सुईवर अखंड विणण्याचा. यात जाता जाता अंगावर घालून पाहता येतं, हा मोठा फायदा. याच्या जवळची एक पद्धत अमेरिकेत विणकाम शिकवणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी लोकप्रिय केली: छातीच्या घेराचे टाके १०० टक्के धरायचे, मनगटाला त्याचे २० टक्के, गळ्याला ४० टक्के. बाईंना ही टक्केवारी फार आवडली, त्यांनी वहीत मांडूनही पाहिली. पण टक्केवारी छातीवरून निघते, आणि बाईंच्या बाबतीत छाती हेच फसवं माप होतं. शिवाय पन्नास वर्षं सरळ सुयांवर काम केलेल्या हाताला या वयात गोल सुई देणं मला पटलं नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मागचा भाग फक्त मुंढ्यापर्यंत उसवायचा आणि वरच्या भागात अर्ध्या ओळी घालायच्या. अर्धी ओळ म्हणजे शेवटपर्यंत न जाता मध्येच सुई फिरवून परत येणं. त्यामुळे मध्यावर ओळी वाढतात आणि कडेला तितक्याच राहतात. मुंढ्याची उंची बदलत नाही, पाठीच्या मध्यावर मात्र जागा तयार होते. मोज्याची टाच विणणाऱ्यांना हे नवीन नाही. हा मार्ग बरोबर होता, पण पाच हजारांच्या आसपास टाके उसवावे लागणार होते.

एक चौथा विचारही झाला: तिथेच थांबून लोकर नातीच्या स्वेटरला वापरायची. बाईंनी तो स्वतः मांडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागे घेतला.

काय केलं

उसवायला बाईच बसल्या. मी गुंडाळत होते. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधली, कोमट पाण्यातून काढली आणि सावलीत टांगून सरळ करून घेतली.

हिशेब बाईंनी केला. पावणेदोन इंच गुणिले साडेसात ओळी म्हणजे साधारण १३. अर्ध्या ओळी जोडीने येतात, एक जायची, एक यायची, म्हणून १४, म्हणजे ७ जोड्या. खांद्याच्या ८० टाक्यांत पहिल्या जोडीला दोन्ही कडांना ८-८ टाके सोडायचे, पुढे दर जोडीला ४-४ जास्त. सातव्या जोडीला कडेला ३२-३२ सुटतात आणि मध्ये १६ राहतात. वळताना पुढच्या टाक्याला लोकरीचा एक वेढा द्यायचा आणि नंतर पूर्ण ओळीत तो वेढा टाक्याबरोबर विणून घ्यायचा, नाहीतर तिथे भोक दिसतं.

सातही जोड्या एकाच ठिकाणी घालाव्यात असं बाईंचं म्हणणं होतं, मोजायला सोपं म्हणून. मला भीती होती की तिथे खिशासारखा फुगा येईल. पोक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते टेपने पाहिलं तर उंची तीन-साडेतीन इंच होती. म्हणून जोड्या २, ३, २ अशा तीन जागी वाटल्या, मध्ये ६-६ पूर्ण ओळी. बाईंना खरं तर पाठीवर जाळीची वीण हवी होती, पण अर्ध्या ओळींनी नक्षी तुटली असती. साध्या सुलट विणीवर त्यांनी समाधान मानलं.

पुढच्या बाजूला छातीसाठीही अशाच अर्ध्या ओळी घालाव्या लागतील असं मी धरून चालले होते. पण खरं माप छातीवरूनच घेतलं होतं आणि पोकामुळे पुढची लांबी कमी झाली होती. एकाने वाढवलं ते दुसऱ्याने फेडलं, म्हणून पुढे काहीच केलं नाही. गळा मात्र एक इंच खाली उतरवला, अडीचऐवजी साडेतीन, कारण मान पुढे झुकते तेव्हा पुढचा गळा वर चढतो.

साडीचा हिशेब वेगळा. नुसत्या ब्लाउजवर माप घेऊन चालत नाही. कमरेला निऱ्यांची जाडी असते, डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या असतात. रोजच्या सुती साडीवर, पदराला पिन लावून खालचा घेर घेतला. दंडाचं माप ब्लाउजच्या बाहीवरून १३, सैलपणाला दीड, म्हणजे ८० टाके. मनगटाला ४४ टाके घालून दर पाच-सहा ओळींनी दोन्ही कडांना एकेक वाढवत तिथवर गेलो. बाहीची लांबी कोपर थोडा वाकवून घेतली.

निकाल

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात स्वेटर पूर्ण झाला. फूटपट्टीने पुन्हा मोजलं: मागची आणि पुढची कड यांत जेमतेम अर्धा इंच फरक. बाईंनी दोन्ही हात वर करून दांडीवरचे कपडे काढले, खाली वाकून बुटाची नाडी बांधली, उठल्या. कड जागेवर राहिली. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर फिरायला गेले. सवयीने हात दोन-तीनदा मागे गेला, तिथे ओढायला काही नव्हतं, आणि परतीच्या वाटेवर तो शालीच्या घडीत निवांत होता.

दोष राहिले. काखेखाली मागच्या बाजूला कापड थोडं जास्त आहे, हात खाली असले की तिथे चुणी पडते. जाड पदराच्या साडीवर वरून दुसरं बटण ताणतं. आणि पहिल्या धुण्यानंतर स्वेटर जवळजवळ एक इंच लांब झाला, बाह्या पाऊण इंच. सपाट वाळवूनही झाला. बाह्यांची बॉर्डर बाईंनी आत दुमडून टाचली.

आज पुन्हा करायचं तर

काखेची चुणी माझ्या निर्णयाची आहे. ४४ इंच मागे-पुढे निम्मे वाटले ही चूक पिना लावल्या तेव्हाच कळली होती. एका कुशीच्या रेषेपासून दुसऱ्या कुशीपर्यंत मोजलं तर बाईंची पाठ २० आणि पुढची बाजू २२ भरते. पण त्यासाठी मागचा भाग बॉर्डरपासून उसवावा लागला असता, आणि एवढं उसवायला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मुंढ्याखालचं ठेवलं. तो निर्णय त्या दिवशी बाईंसाठी बरोबर होता, स्वेटरसाठी नव्हता.

लांबी वाढली त्याचं कारण नमुना. तळहाताएवढ्या तुकड्याला स्वतःचं वजन नसतं, ५५० ग्रॅमच्या स्वेटरला असतं. मेरिनो लोकर ओली झाली की सैल सुटते. आता मी नमुना मोठा करायला लावते, आणि धुऊन वाळल्यावर खालच्या कडेला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून एक रात्र टांगून ठेवते, मगच ओळी मोजते. त्याहून चांगलं म्हणजे आधी एक बाही विणून, धुऊन, घालून पाहावी. बाही चुकली तर आठवड्याचं काम जातं, पाठ चुकली तर महिन्याचं.

मापं पहिल्या दिवशी मी स्वतः, माझ्या समोर घ्यायला हवी होती, तीही दोनदा: एकदा सांगून आणि एकदा माणूस काही कामात असताना. पोक, उतरता खांदा, शस्त्रक्रियेनंतर बदललेली छाती, यांबद्दल लोक आपणहून बोलत नाहीत. जुना न बसलेला स्वेटर घालायला सांगितला तर तो स्वेटरच सगळं सांगतो. तेव्हापासून वर्गात नवी व्यक्ती आली की मी आधी तोच मागवते.

बाईंनी फाल्गुनात दुसरा स्वेटर सुरू केला, गडद निळा. पाठीचं माप त्यांनी पुन्हा घ्यायला लावलं, या वेळी स्वतःच ओट्यापाशी उभ्या राहून. वहीच्या पानावर वर तारीख आहे, खाली मागे ११६ टाके, पुढे ६३-६३, अर्ध्या ओळी ७ जोड्या, आणि समासात एक ओळ: सुती आणि रेशमी, दोन्ही पदरांवर माप.